चला शिकूया : कागदी किमोनोचं शुभेच्छापत्र



गेल्या बैठकीत पेणच्या दोन गटांनी आणि रोह्याच्या एका गटाने विचारलं होतं, की पापड, मसाले, कापडी पिशव्या झाल्या. आता घरी बसून, कमी भांडवलात, लाईट गेली तरी चालेल असं काही शिकवाल का? म्हणून या अंकाचा पाठ हातानं बनवायच्या शुभेच्छापत्रांचा. नुसती फुलं-पानं चिकटवलेली कार्डं नाहीत, तर जपानी बाईचा पोशाख, म्हणजे किमोनो, कागदात करून लावलेलं कार्ड.

पहिला प्रश्न तुमच्या मनात आला असेल तो आधी घेऊ. आपल्याकडे नऊवारी असताना जपानी पोशाख कशाला? कारण साधं आहे. किमोनोत गोलाई नाही. सगळे तुकडे सरळ चौकोनी. ज्या बाईनं शाळा सोडल्यावर कात्री कागदाला लावली नाही, तिलाही पट्टी आणि पेन्सिल घेऊन तो पहिल्या दिवशी जमतो. यावर हात बसला की त्याच मापांवर नऊवारीचं कार्ड करता येतं. आणि पेण तालुक्यातल्या सख्यांना तर वेगळं सांगायलाच नको. हमरापूर-जोह्याकडे गणपतीच्या कारखान्यांत ज्यांनी रंगकाम केलंय, त्यांचा हात न हलता रेघ ओढतो. हे कौशल्य भाद्रपदानंतर रिकामं बसतं. कार्डांचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो.

किमोनो म्हणजे काय?

जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ नुसता ‘अंगावर घालायची वस्तू’ असा आहे. आपलं लुगडं जसं न शिवता नेसायचं, तसा किमोनो अगदी कमी कापून शिवायचा. त्याचं कापड साधारण ३६ सेंटिमीटर रुंद आणि १२ मीटर लांब अशा गुंडाळीत येतं. त्याचे सरळ तुकडे करतात, गोल कापणी करत नाहीत, त्यामुळे कापड वाया जात नाही. उसवून, धुऊन पुन्हा शिवता येतं, आईचा किमोनो मुलीच्या मापाचा करता येतो. कमरेला रुंद पट्टा बांधतात, त्याला ‘ओबी’ म्हणतात. आज तिथल्या बायका रोज किमोनो घालत नाहीत. लग्नात, सणाला, वयात आल्याच्या समारंभाला घालतात. आपण पैठणी काढतो तसंच.

सगळ्यात मोठी चूक, जी आमच्याकडून झाली

पायऱ्या सांगण्याआधी हे सांगते, कारण कार्ड फुकट जातं ते इथेच.

किमोनो घालताना आपली डावी बाजू उजव्या बाजूवर येते. बाई असो की पुरुष, नियम एकच. उजवी बाजू डावीवर फक्त एकदाच घेतात, माणूस गेल्यावर, शेवटच्या प्रवासाला निघताना. म्हणजे वाढदिवसाच्या कार्डावर उजवी बाजू वर आली, तर आपण शुभेच्छा देतोय आणि पोशाख मात्र मयताचा.

आमच्या गटाला पहिली ऑर्डर ६० कार्डांची मिळाली होती. मोबाईलवरच्या चित्रावरून मी बटर पेपरवर पेन्सिलने आकार उतरवला. तो उलटा करून पुठ्ठ्यावर घासला, आणि साचा कापला. बटर पेपर उलटा केला म्हणजे डावं-उजवं बदललं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. ६० कार्डं झाली. रंग सुंदर, कडा सरळ, आम्ही खूश. माल द्यायच्या आदल्या दिवशी एका ताईंची जपानी शिकणारी भाची घरी आली होती. तिनं एक कार्ड हातात घेतलं आणि म्हणाली, “मावशी, हा मेलेल्या माणसाचा किमोनो झालाय.”

त्या रात्री चिमणीसारखे दिवे लावून आम्ही पाचजणी बसलो. ६० कार्डांच्या गळपट्ट्या सोडवल्या. १७ कार्डांचा कागद सोलून निघाला, ती गेली. उरलेली ४३ दिली. दुकानदारानं घेतली, पण बाकीच्यांचे पैसे आणि बाकीच्यांची मेहनत आमच्याच अंगावर पडली. कुणी कुणाला बोललं नाही, पण मला झोप लागली नाही, कारण साचा माझा होता.

आपण हे लगेच समजू शकतो. एखाद्या परदेशी चित्रकारानं नऊवारीतली बाई काढली आणि पदर उजव्या खांद्यावर टाकला, तर आपल्याला पहिल्या नजरेत खटकेल. दुसऱ्याचा पोशाख वापरायचा तर त्याची रीत आधी शिकायची.

लक्षात ठेवायची खूण : कार्ड आपल्यासमोर धरलं, की वरची गळपट्टी आपल्या उजव्या हाताकडून सुरू होऊन खाली डाव्या हाताकडे यायला हवी. म्हणजे इंग्रजी लहान ‘वाय’ अक्षरासारखी दिसते. साच्याच्या पुढच्या बाजूवर पेनानं मोठ्या अक्षरात ‘समोर’ लिहून ठेवा.

सामान

जाड कार्डशीट (२२ × २८ इंचाची, म्हणजे साधारण ५६ × ७१ सेंटिमीटर), नक्षीचा पातळ कागद, एका रंगाचा साधा कागद, साडीची जुनी किनार किंवा रिबीन, जरीचा दोरा, स्टीलची पट्टी, कटर, कात्री, फेव्हिकॉल, जुना ब्रश, संपलेली रिफील आणि पाकिटं.

नक्षीचा कागद महागाचा आणायची गरज नाही. जपानमध्ये तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून ‘वाशी’ नावाचा हातकागद करतात. आपल्याकडेही हातकागद मिळतो. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. तेही नको असेल तर जुन्या सुती साडीचा बारीक नक्षीचा भाग मैद्याच्या खळीनं पातळ कागदावर चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मग कापा. धागे निघत नाहीत. फक्त नक्षी बारीक हवी. मोठं फूल असेल तर छोट्या किमोनोत अर्धंच येतं.

एक सूचना : पाकिटं आधी आणा, कार्ड नंतर कापा. पाकिटात न बसणारं कार्ड कुणी घेत नाही.

मापं आणि पायऱ्या

१. कार्डाचा उघडा तुकडा २५ × १७.५ सेंटिमीटर. एका शीटमध्ये असे बरोबर ८ तुकडे बसतात. बाजूला ६ सेंटिमीटरची पट्टी उरते, ती फेकू नका, त्यातून गळपट्ट्या आणि किमतीच्या चिठ्ठ्या निघतात.

२. मध्यावर, १२.५ सेंटिमीटरवर, पट्टी ठेवून संपलेल्या रिफीलनं दाबून रेघ ओढा, मगच घडी घाला. नुसती बोटानं घडी घातली तर जाड कागदाला भेगा पडतात. आधी एक छोटा तुकडा उभा आणि आडवा दुमडून बघा. ज्या दिशेनं सहज दुमडतो त्या दिशेनं घडी येईल असं कापा.

३. नक्षीच्या कागदाचे दोन तुकडे कापा. बाह्यांचा तुकडा १० × ४.५ सेंटिमीटर (आडवा). अंगाचा तुकडा ५ × ११ सेंटिमीटर (उभा). नक्षीला वर-खाली असेल, म्हणजे पक्षी किंवा झाडं असतील, तर दोन्हींत वरची बाजू वरच ठेवा.

४. बाह्यांच्या तुकड्याच्या मधोमध अंगाचा तुकडा चिकटवा. वरच्या कडा एका रेषेत. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटर बाही दिसली पाहिजे.

५. वरच्या कडेच्या मध्यापासून दोन्हीकडे १ सेंटिमीटरवर खूण करा. या दोन खुणांपासून मध्यावर १.५ सेंटिमीटर खोल असा त्रिकोण दोन्ही थरांतून कापून काढा. हा गळा.

६. साध्या कागदाच्या १ × ६.५ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या घ्या. पहिली पट्टी आपल्या डाव्या हाताच्या खुणेपासून तिरकी उजवीकडे खाली. दुसरी पट्टी तिच्यावरून, आपल्या उजव्या हाताच्या खुणेपासून तिरकी डावीकडे खाली. वरची टोकं मागे दुमडा. इथे थांबा. ‘वाय’ दिसतोय का बघा. मगच पुढे जा.

७. कमरपट्टा, म्हणजे ओबी, ६ × २ सेंटिमीटर. वरून साडेचार सेंटिमीटरवर लावा, गळपट्ट्यांची टोकं त्याखाली झाकली जातात. अर्धा-अर्धा सेंटिमीटर दोन्हीकडून मागे वळवा. इथे साडीची किनार फार शोभते. ओबीच्या मधोमध जरीचा दोरा बांधून मागे चिकटवा.

८. तयार किमोनो कार्डाच्या पुढच्या पानावर लावा. बाह्यांची खालची टोकं न चिकटवता सोडा, थोडी उचललेली दिसतात. कार्डावर पाट आणि पाटावर धान्याचा डबा ठेवून रात्रभर दाबून ठेवा.

फेव्हिकॉल ब्रशनं पातळ लावा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत जाड लावलेला गोंद वाळत नाही, कार्ड वाकतं आणि आठ दिवसांत बुरशीचा ठिपका येतो. वाळलेली कार्डं पोह्यांसारखी हवाबंद डब्यात ठेवायची. चुलीच्या खोलीत तर अजिबात नाही. धुराचा वास कागद सोडत नाही.

कुठल्या प्रसंगाला कुठली नक्षी?

गिऱ्हाईक विचारतं, “याचा अर्थ काय?” उत्तर देता आलं तर कार्ड विकलं जातं.

करकोचा आणि कासव म्हणजे दीर्घायुष्य. आजी-आजोबांच्या वाढदिवसाला, लग्नाला चालतं. पाइन, बांबू आणि आलुबुखारच्या जातीचं फूल ही तिघं एकत्र म्हणजे शुभ, विशेषतः नव्या वर्षाला. थंडीतही पाइन आणि बांबू हिरवे राहतात आणि हे फूल थंडी संपण्याआधी उमलतं, म्हणून. चेरीचं फूल वसंताचं. तागासारख्या एका झाडाच्या पानाची चांदणीसारखी नक्षी बाळाच्या कपड्यांवर असते, कारण ते झाड लवकर आणि सरळ वाढतं. बारशाच्या कार्डाला ती घ्या. समुद्राच्या लाटांची नक्षी आपल्याला खाडीकाठच्या सख्यांना हातानंच काढता येईल, एकावर एक अर्धी वर्तुळं.

पूर्ण पांढरा किमोनो सणाच्या कार्डाला करू नका. आणि चार कार्डांचा संच करू नका. जपानीत चारचा उच्चार ‘मृत्यू’ या शब्दासारखा होतो. तीन किंवा पाचाचा संच करा.

आता हिशेब, आणि हाच खरा पाठ

त्या पहिल्या ऑर्डरीत कार्डाची चूक दिसली, पण दुसरी चूक आम्हाला वर्षभर दिसली नाही. ती वहीत होती.

आम्ही कार्ड २० रुपयांना दिलं होतं. सामान साडेतेरा रुपयांचं, म्हणून “साडेसहा रुपये सुटले” असं धरून खूश होतो. एका बैठकीत गटातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या ताईंनी विचारलं, “मग आपली मजुरी कुठं लिहिलीय?” वहीत ती नव्हतीच.

४० कार्डांचं उदाहरण घेऊ. भाव तुमच्या बाजारात थोडे वेगळे असतील, पद्धत तीच.

कार्डशीट ५, प्रत्येकी ३५ रुपये : १७५.
नक्षीचा कागद २, प्रत्येकी ६० रुपये : १२०.
किनार आणि दोरा : ४०.
गोंद वगैरे : २५.
पाकिटं ४०, प्रत्येकी ३ रुपये : १२०.
पारदर्शक पिशव्या ४०, प्रत्येकी दीड रुपया : ६०.
सामान एकूण ५४० रुपये. एका कार्डाला साडेतेरा.

एका कार्डाला सगळ्यांचा मिळून १५ मिनिटं वेळ. ४० कार्डांना १० तास. तासाला ५० रुपये धरले तर मजुरी ५०० रुपये.
जाण्या-येण्याचा खर्च आणि खराब झालेली कार्डं : १२० रुपये.
सगळं मिळून ११६०. एका कार्डाला २९ रुपये.

यावर गटाच्या निधीसाठी ६ रुपये ठेवले, तर दुकानदाराला द्यायचा भाव ३५ रुपये. ४० कार्डांचे १४०० येतात. मजुरी हातात पडते आणि गटात २४० रुपये राहतात.

आता तीच ४० कार्डं २० रुपयांना देऊ. ८०० रुपये आले. सामानाचे ५४० आणि प्रवास-नुकसानीचे १२० गेले. उरले १४० रुपये, १० तासांचे. तासाला १४ रुपये. भाताच्या लावणीला जाताना आपण आधी विचारतो, रोज किती? तिथे कुणी तासाला १४ रुपये म्हटलं तर बांधावरून परत फिरू. मग स्वतःच्या ओटीवर बसून आपण त्या भावात का राबतो? घरात बसून केलेलं काम ‘तसंही रिकामीच होते’ म्हणून फुकट धरतो, म्हणून. सख्यांनो, आपण रिकाम्या नव्हतो. त्या वेळात झोप होती, लेकराचा अभ्यास होता.

म्हणून नियम करा : वहीत सामानाच्या खाली मजुरीचा रकाना पहिल्या दिवसापासून असायचा. भाव कमी करायचा प्रसंग आलाच, तर पाकीट साधं घ्या, जरीचा दोरा काढा, गटाच्या निधीचा वाटा थोडा कमी करा. मजुरीच्या रकान्याला हात लावायचा नाही.

काम वाटून घ्या

पाचजणींचा गट असेल तर एकीनं कापायचं, दुसरीनं घड्या, तिसरीनं अंग-बाह्या, चौथीनं गळपट्टी आणि ओबी, पाचवीनं तपासणी आणि पाकीट. तपासणी करणारीनं तीन गोष्टी बघायच्या : गळपट्टीचा ‘वाय’, गोंदाचा डाग, आणि पाकिटात बसतंय का. तिनं परत पाठवलं तर रागवायचं नाही. आमच्याकडे तेव्हा तपासणीला कुणी असती तर १७ कार्डं वाचली असती. महिन्यातून एकदा कामं बदला, म्हणजे एक बाई आजारी पडली तरी ऑर्डर अडत नाही.

विकायचं कुठे?

मोबाईलवर शुभेच्छा फुकट जातात, हे खरं. म्हणून कार्ड एकटं विकायला जाऊ नका, वस्तूबरोबर विका. राखीबरोबर, दिवाळीच्या फराळाच्या डब्याबरोबर, मिठाईच्या खोक्यावर. याच मापांत आहेराचं पाकीट करा. लग्नसराईत पेण-रोह्याच्या बाजारात पाकिटाला गिऱ्हाईक आहे. ‘उमेद’तर्फे मुंबईत महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं, तिथे पाच कार्डांचे संच ठेवायला प्रभागसंघाकडे आधी नाव द्या. दिवाळीचा माल नवरात्राच्या आत तयार हवा, नव्या वर्षाचा नोव्हेंबरअखेर. मध्ये भातकापणी येते हे धरूनच ऑर्डर घ्या.

कार्डाच्या मागे ‘जपानी’ म्हणून खोटं लिहू नका. ‘किमोनो नक्षीचं कार्ड, रायगड जिल्ह्यातील महिला बचत गटानं हातानं बनवलेलं’ असं लिहा. गिऱ्हाईक तेच वाचून घेतं.

पुढच्या बैठकीसाठी गृहपाठ

१. प्रत्येकीनं एक कार्ड करून आणा. शेजारणीचं कार्ड हातात घेऊन ‘वाय’ तपासा.
२. कार्ड करताना घड्याळ लावा आणि लागलेली मिनिटं खरी लिहा. पहिल्याला ४० मिनिटं लागली तरी लाजू नका.
३. तुमच्या गटाच्या कुठल्याही एका वस्तूचा, पापड असो की पिशवी, मजुरीसकट हिशेब करा. तासाला किती पडले, तो आकडा बैठकीत मोठ्यानं वाचा.
४. याच मापांवर नऊवारीचं कार्ड कसं होईल, ते कागदावर काढून आणा. पदर कुठल्या खांद्यावर, ते सांगायला नको.

तिसऱ्या प्रश्नाचा आकडा ऐकून काहीजणी गप्प होतील. आम्हीही झालो होतो. त्यानंतरच्या बैठकीत आमच्या कार्डाचा भाव ३५ झाला. एका दुकानानं नको म्हटलं, दुसऱ्यानं घेतलं. आज आमच्या वहीत मजुरीचा रकाना पहिला आहे, आणि साच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘समोर’.